‘ऑपरेशन यशस्वी झाले’ म्हणजे नेमके काय झाले?

‘ऑपरेशन यशस्वी झाले’ हे वाक्य तुम्ही पुष्कळदा ऐकले असेल. शस्त्रक्रियागृहाबाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांना डॉक्टर ते सांगतात, सर्वांचा जीव भांड्यात पडतो आणि मग गावी फोन जातात. पण पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत तुम्ही माझ्याकडे येऊन नुसते ‘सर, प्रयोग यशस्वी झाला’ एवढेच म्हणालात, तर मी लगेच विचारीन, ‘मोजलेस काय? कशाने मोजलेस? एकक कोणते?’ हेच तीन प्रश्न कर्करोगाच्या शस्त्रक्रियेला विचारले तर काय उत्तर मिळते, ते आज पाहावयाचे आहे.

उदाहरण आपल्याच भागातले घेऊ. आमच्या कोल्हापूरपासून निपाणी जेमतेम चाळीस किलोमीटरवर. तिकडची तंबाखू प्रसिद्ध. गालात तंबाखूची गोळी धरणारे आणि सकाळी मिश्री लावल्याशिवाय ज्यांचा दिवस सुरू होत नाही असे लोक आपल्याकडे घरोघरी सापडतात. तोंडाचा कर्करोग हा भारतातील पुरुषांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांपैकी एक आहे, याचे मुख्य कारण हेच. समजा, अशा एका पन्नाशीच्या शेतकऱ्याच्या गालात आतून गाठ आली. शस्त्रक्रियेत ती गाठ, तिच्याभोवतीचा निरोगी भागाचा काठ, कधी जबड्याच्या हाडाचा तुकडा आणि मानेतील लसिका ग्रंथी काढतात. पडलेले भगदाड बुजविण्यासाठी छातीचा स्नायू वळवून आणतात, किंवा पायातील नडगीशेजारचे बारीक हाड काढून त्याचा नवा जबडा घडवितात. कारागिरी थक्क करणारी असते. काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली तपासला जातो आणि कडेला रोगाची एकही पेशी नाही असा अहवाल येतो. शल्यचिकित्सकाच्या दृष्टीने शस्त्रक्रिया यशस्वी झाली.

तीन महिन्यांनी हाच माणूस घरी काय सांगतो? तोंड पुरते उघडत नाही, म्हणून भाकरी दुधात कुस्करून खावी लागते. तांबड्या रश्श्याचा थेंबही सोसत नाही. हात डोक्याच्या वर जात नाही. फोनवर बोलले तर पलीकडच्याला कळत नाही. लग्नकार्यात पंगतीला बसायची लाज वाटते. शल्यचिकित्सक खोटे बोलत नाही आणि हा माणूसही खोटे बोलत नाही. दोघांनी दोन निरनिराळ्या गोष्टी मोजल्या आहेत.

यातली एखादी गोष्ट मोजणे अगदी सोपे असते. तोंड किती उघडते तेच पाहा ना. हात स्वच्छ धुऊन आपलीच तीन बोटे एकावर एक अशी उभी धरून पुढच्या दातांमध्ये बसतात का पाहा. बहुतेकांची बसतील. डॉक्टर वरच्या व खालच्या पुढच्या दातांमधील अंतर मिलिमीटरमध्ये मोजतात. ते ३५ मिलिमीटरपेक्षा कमी भरले, तर तोंड आखडले असे साधारणपणे मानतात. मोजपट्टी आहे, एकक आहे, दोन माणसांनी मोजले तर वाचन सारखेच येते. पण पंगतीत बसायची लाज कोणत्या पट्टीने मोजावयाची? त्याकडे वळण्यापूर्वी, जे मोजायला सर्वांत सोपे वाटते ते आधी घेऊ, म्हणजे माणूस किती दिवस जगला ते.

वर्षांची मोजणी

अमेरिकेत बॉस्टन शहरात अर्नेस्ट कॉडमन नावाचा एक हट्टी शल्यचिकित्सक होता. प्रत्येक रोग्याचे एक कार्ड करावे आणि शस्त्रक्रियेनंतर निदान वर्षभराने त्याला गाठून ‘शेवटी काय झाले’ ते त्यावर लिहावे, असा त्याचा आग्रह. १९११ साली त्याने स्वतःचे लहानसे रुग्णालय काढले आणि पुढील पाच वर्षांतील ३३७ रुग्णांचा हिशेब छापून प्रसिद्ध केला. त्यात स्वतःच्या रुग्णालयात झालेल्या १२३ चुकाही मोजून दिल्या होत्या! सहव्यावसायिकांना हे मुळीच रुचले नाही. आज मात्र जगातील प्रत्येक चांगले कर्करोग रुग्णालय त्याच्याच वाटेने जाते.

तुम्ही म्हणाल, यात कठीण ते काय? दहा रुग्ण घ्यावेत, तीन वर्षांनी किती जिवंत आहेत ते मोजावे. करून पाहू. समजा, दहा रुग्णांपैकी एक सहाव्या महिन्यात वारला. दहाव्या महिन्यानंतर एक जण तपासणीला आलाच नाही; पत्राला उत्तर नाही, फोन बंद. चौदाव्या महिन्यात आणखी एक वारला. विसाव्या महिन्यानंतर दोघे बेपत्ता झाले. तिसाव्या महिन्यात एक वारला. तीन वर्षांनी चौघे समोर उभे आहेत. जगण्याचे प्रमाण किती? बेपत्ता तिघांना जिवंत धरले तर शेकडा ७०. मृत धरले तर शेकडा ४०. त्यांना हिशेबातून काढूनच टाकले, तर सातांपैकी चार, म्हणजे शेकडा ५७. एकाच रुग्णालयाची ही तीन उत्तरे झाली!

यावरची युक्ती १९५८ साली एडवर्ड कॅप्लान आणि पॉल मायर या दोघा अमेरिकन गणितज्ञांनी मांडली. ती तुम्हाला नववीच्या गणितानेही समजेल. प्रत्येक मृत्यूच्या क्षणी एवढेच विचारावयाचे, की त्या वेळी आपल्या नजरेखाली किती जण होते आणि त्यातले किती टिकले? सहाव्या महिन्यात दहांपैकी नऊ टिकले, म्हणजे ०.९. चौदाव्या महिन्यात नजरेखाली आठच होते, कारण एक वारला होता व एक बेपत्ता होता. त्या आठांपैकी सात टिकले, म्हणजे ०.८७५. तिसाव्या महिन्यात पाच होते, चार टिकले, म्हणजे ०.८. आता तिघांचा गुणाकार करा: ०.९ × ०.८७५ × ०.८ = ०.६३. उत्तर शेकडा ६३. बेपत्ता माणसाने जितके महिने आपल्याला दिले तितक्यांचा उपयोग करून घेतला, आणि पुढचे काही गृहीत धरले नाही. किरणोत्सारी पदार्थाचा ऱ्हास शिकताना तुम्ही असाच गुणाकार करता. एका अर्धायुष्यानंतर अर्धा उरतो, पुढच्या अर्धायुष्यानंतर त्या उरलेल्याचा अर्धा. फरक एवढाच, की अणू कधी तपासणी चुकवत नाही.

आणि येथेच खरी मेख आहे. या गुणाकारात एक गृहीत दडलेले आहे, ते म्हणजे बेपत्ता झालेल्यांचे नशीब उरलेल्यांसारखेच असते. तसे नसले तर? कोल्हापूर किंवा गडहिंग्लजचा रुग्ण रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडून मुंबईला परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात तपासणीला जातो. बरोबर एक माणूस, दोन दिवसांची मजुरी बुडते, राहण्याचा प्रश्न असतो. प्रकृती उत्तम असलेला कंटाळून जात नाही, आणि फारच ढासळलेला जाऊ शकत नाही. दुसऱ्या प्रकारचे लोक जास्त असतील, तर आलेख आहे त्याहून सुंदर दिसेल. स्क्रू गेजमधील शून्य त्रुटीसारखीच ही त्रुटी आहे. शंभर वेळा वाचन घेऊन सरासरी काढली तरी ती जात नाही.

यावर एकच उपाय, म्हणजे रुग्ण येत नसेल तर आपण त्याच्याकडे जाणे. सोलापूर जिल्ह्यात बार्शी येथे १९८७ साली भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, ती याच तत्त्वावर. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतील ३४६ खेडी नोंदणीने घेतली. कार्यकर्ते गावोगाव फिरत, लोकांशी बोलत, संशयित रुग्ण शोधून त्यांना तपासणीस आणीत आणि कोण जगले, कोण गेले याची नोंद ठेवीत. एका आकड्याच्या मागे किती पायपीट असते, याची वृत्तपत्रातील ‘शेकडा इतके रुग्ण बरे होतात’ हे वाक्य वाचताना आठवण ठेवावी. तसेच, किती वर्षांनंतर मोजले हे न सांगता दिलेला असा आकडा माझ्या मते निरुपयोगीच समजावा. वेळ न सांगता नुसते ‘गाडी साठ किलोमीटर गेली’ म्हणण्यासारखे ते आहे.

मानेचा प्रश्न

वर्षांची काटेकोर मोजणी किती मोलाची ठरते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच घडले. तोंडाचा कर्करोग पसरतो तो बहुधा आधी मानेतील लसिका ग्रंथींत. पण रोग लवकर सापडला आणि मानेला गाठ हाताला लागत नसली, तर काय करावे? एक मत असे, की तोंडाच्या शस्त्रक्रियेबरोबरच मानेतील ग्रंथी काढाव्यात. दुसरे मत असे, की थांबावे आणि गाठ दिसली तरच काढाव्यात, नाहीतर ज्यांच्या ग्रंथींत काहीच नाही अशांचीही मान विनाकारण उघडली जाते. अनेक दशके हा वाद चालला होता.

टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली त्याची परीक्षा सुरू केली. रुग्णांची संमती घेऊन, कोणाला कोणती पद्धत द्यायची हे डॉक्टरांच्या मर्जीवर न ठेवता चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने ठरविले, म्हणजे एका गटात मुद्दाम तगडे रुग्ण जाण्याची भीती राहिली नाही. पहिल्या ५०० रुग्णांचा अहवाल २०१५ साली प्रसिद्ध झाला. तीन वर्षांनी, ग्रंथी आधीच काढलेल्या गटात शेकडा ८० जण हयात होते, आणि थांबलेल्या गटात शेकडा ६७.५. फरक १२.५ चा. आता १०० ला १२.५ ने भागा. उत्तर ८. म्हणजे आठ रुग्णांच्या माना आधी उघडल्या तर तीन वर्षांत एक जीव जास्त वाचतो.

वाद मिटला? आयुष्याच्या वर्षांपुरता तरी मिटला असे म्हणायला हरकत नाही. पण त्या आठांपैकी उरलेल्या सातांचा विचार करा. मानेतून एक मज्जातंतू खांदा उचलणाऱ्या स्नायूकडे जातो. आजकाल तो जपून ठेवतात, तरी ग्रंथी काढताना ताणला जातो आणि काहींचा खांदा महिनोन् महिने अशक्त राहतो. कारकुनाचे त्यावाचून फारसे अडत नाही. पण वैरणीचा भारा डोक्यावर घेणाऱ्या बाईचे काय? ऊसतोडणी कामगाराचे काय? ही किंमत किती हे कळले, तरच ती कमी करण्यासाठी शस्त्रक्रियेत काय बदलावे आणि नंतर कोणता व्यायाम द्यावा हे ठरविता येईल. म्हणून वर्षांबरोबर वर्षांतले जगणेही मोजावे लागते. त्याला डॉक्टर मंडळी ‘जीवनमानाची गुणवत्ता’ असे जड नाव देतात. आपण साधेपणाने ‘जगण्याची प्रत’ म्हणू.

वाटण्याला मोजपट्टी

‘वाटणे’ कधी मोजता येते का? अशी शंका आली असेल, तर तापमापकाचा इतिहास आठवा. पूर्वी गरम आणि थंड हेही ‘वाटणे’च होते. उन्हातून आलेल्याला माठातले पाणी गार लागे, आंघोळीनंतर थंडीने कुडकुडणाऱ्याला तेच कोमट लागे. फॅरनहाइट आणि सेल्सिअस यांनी अठराव्या शतकात दोन ठरावीक बिंदू आणि त्यांच्यामध्ये समान भाग असलेली पट्टी दिली, आणि दोन गावांतील उष्णतेची तुलना होऊ लागली.

कर्करोगाच्या क्षेत्रात अशी पहिली पट्टी १९४९ साली आली. न्यूयॉर्कचे डॉ. डेव्हिड कार्नोफ्स्की आणि डॉ. जोसेफ बर्चेनाल यांनी शून्य ते शंभर अशी दहादहाच्या पायऱ्यांची श्रेणी केली. १०० म्हणजे कसलीच तक्रार नाही; ७० म्हणजे स्वतःचे स्वतः करतो, पण कामधंदा करू शकत नाही; ५० म्हणजे बरीच मदत लागते; शून्य म्हणजे मृत्यू. ही पट्टी आजही वापरतात, कारण ती झटपट आहे. पण तिचे दोष तुमच्या लक्षात आले असतील. लघुतम माप दहा, म्हणजे पट्टी जाडीभरडी. दुसरे म्हणजे वाचन घेणारा डॉक्टर, आणि त्याला दिसते ती हालचाल. रुग्णाची रात्रीची झोप, मनातली भीती, घरातल्यांसमोर जेवताना होणारी कुचंबणा त्याला दिसत नाही.

पुढची मोठी पायरी म्हणजे रुग्णालाच विचारणे. युरोपातील कर्करोग संशोधन संघटनेने तीस प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. तेरा देशांतील ३०५ रुग्णांवर पारखून ती १९९३ साली प्रसिद्ध झाली. श्रमाचे काम जमते का, चालवते का, दुखते का, झोप लागते का, काळजी वाटते का, आजाराने घरच्या जीवनात व्यत्यय येतो का, खर्चाची ओढाताण होते का, अशा प्रकारचे ते प्रश्न आहेत. बहुतेकांना उत्तरे चारच: मुळीच नाही, थोडे, बरेच, खूप. त्यांना अनुक्रमे १ ते ४ गुण. शेवटचे दोन प्रश्न एकंदर प्रकृती आणि एकंदर जगण्याविषयी आहेत. त्यांना १ ते ७ गुण.

हिशेब कसा करतात ते पाहू. शारीरिक क्षमतेचे पाच प्रश्न आहेत. आपल्या शेतकऱ्याने शस्त्रक्रियेनंतर महिन्याने उत्तरे दिली ४, ३, २, १, १. बेरीज ११, सरासरी २.२. सरासरी कमीत कमी १ असू शकते, म्हणून १ वजा करा: १.२. चारपर्यंतचा पल्ला ३ चा, म्हणून ३ ने भागा: ०.४. हा झाला अडचणीचा भाग. १ मधून तो वजा करून १०० ने गुणा. उत्तर ६०. सहा महिन्यांनी त्याची उत्तरे आली ३, २, १, १, १. हा हिशेब तुम्ही करा; ८० यायला हवेत.

साठाचे ऐंशी झाले, हे पुष्कळ की थोडे? १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांनाच विचारले, की तुम्हाला फरक जाणवला का, आणि तो गुणांशी ताडून पाहिला. ५ ते १० गुणांचा बदल लोकांना किंचित जाणवतो, १० ते २० चा मध्यम, वीसच्या वर गेला तर मोठा. म्हणजे या पट्टीवर दोन-तीन गुणांच्या फरकावरून कोणी गाजावाजा करीत असेल तर खुशाल दुर्लक्ष करावे. (मिलिमीटरच्या पट्टीने मोजून उत्तर दशांशचिन्हापुढे चार स्थळांपर्यंत लिहिणारे विद्यार्थी मला दरवर्षी भेटतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.)

पट्टी मराठीत आणताना

ही प्रश्नावली इंग्रजीत. परळच्या रुग्णालयात येणाऱ्या बार्शीच्या किंवा शिरोळच्या रुग्णाला तिचा काय उपयोग? टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी ती, आणि तिच्या जोडीची डोके व मानेच्या कर्करोगासाठीची पस्तीस प्रश्नांची पुरवणी, मराठी व हिंदीत आणून आपल्या रुग्णांवर पारखली. त्याचा अहवाल २००५ साली प्रसिद्ध झाला. या पुरवणीत तोंड उघडण्याची अडचण, गिळणे, चव, फोनवर बोलणे, घरच्यांसमोर व परक्यांसमोर जेवणे यांविषयी प्रश्न आहेत. पंगतीच्या लाजेला शेवटी मोजपट्टी मिळाली, ती येथे!

भाषांतर म्हणजे नुसते शब्द बदलणे नव्हे. अशा कामाची एक शिस्त असते. दोन जण स्वतंत्रपणे मराठी करतात, ते जुळवून एक मसुदा होतो, मग मूळ प्रश्नावली न पाहता कोणीतरी मराठीवरून पुन्हा इंग्रजी करतो. उलटून आलेले इंग्रजी मुळाशी जुळले नाही, तर मराठीत कोठेतरी घसरले आहे हे कळते. नंतर मोजक्या रुग्णांना विचारून प्रश्न समजतो का ते पाहतात. पहिल्याच प्रश्नात बाजाराची जड पिशवी किंवा सूटकेस उचलण्याचे उदाहरण आहे. तुमच्यापैकी कित्येकांच्या आजीने जन्मात सूटकेस उचललेली नसेल. मग त्या जागी ‘डोक्यावर पाण्याचा हंडा’ घालावा काय? मोह होतो खरा. पण पिशवी हात आणि खांद्यावर तोलली जाते, हंडा मानेवर. मान उघडलेल्या रुग्णाला हा बदल केवढा फरक पाडील! उदाहरण बदलले, की आपण दुसरीच राशी मोजू लागतो.

भाषांतर झाल्यावर पट्टीची पारख. प्रकृती तीच असताना आठवड्याने पुन्हा विचारले, तर उत्तर तेच येते का? एकाच गोष्टीविषयीचे प्रश्न एकत्र वरखाली होतात का? ज्यांचा रोग फार पुढे गेला आहे, त्यांचे गुण सौम्य रोग असलेल्यांपेक्षा वाईट येतात का? शेवटच्या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर आले, तर ती पट्टी कितीही सुबक असली तरी टाकून द्यावी.

आणखी एक अडचण आमच्याकडची खास. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरनेच विचारले, ‘काय काका, कसं काय?’ तर कोल्हापूरकडचा माणूस हात जोडून म्हणणार, ‘बरं हाय की साहेब!’ ज्याने जीव वाचविला त्याच्या तोंडावर तक्रार कशी करावयाची? ही आपली रीत झाली, पण मोजमापात ती शून्य त्रुटी होऊन बसते. मुलगा किंवा सून उत्तरे देऊ लागली तरी चालत नाही. घरच्यांचे आणि रुग्णाचे गुण पुष्कळदा जुळत नाहीत, विशेषतः दुःख, भीती अशा न दिसणाऱ्या गोष्टींत. म्हणून प्रश्नावली रुग्णाने स्वतः भरावी. वाचता येत नसेल तर उपचारांशी संबंध नसलेल्या माणसाने आहे तशी वाचून दाखवावी, आपल्या पदरचे स्पष्टीकरण न जोडता.

आवाज की वर्षे?

आता या दोन मोजण्या, वर्षांची आणि प्रतीची, एकत्र आणू. स्तनाच्या कर्करोगात हे काम त्या मानाने सोपे गेले. अमेरिकन शल्यचिकित्सक हॉल्स्टेड याच्या पद्धतीने स्तन, खालचे स्नायू, काखेतील ग्रंथी असे सर्व काही काढून टाकण्याची चाल एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पडली आणि पाऊणशे वर्षे टिकली. इटलीत वेरोनेसी यांनी १९७३ पासून आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी १९७६ पासून, लवकर सापडलेल्या रोगात फक्त गाठीचा भाग काढून किरणोपचार देण्याची तुलना स्तन पूर्ण काढण्याशी केली. दोघांचेही वीस वर्षांचे निकाल २००२ साली आले. हयात राहण्याचे प्रमाण दोन्हीकडे सारखेच. वर्षे समान असतील तर प्रत जेथे चांगली ते निवडावे. यात कोणाचे दुमत होणार नाही.

पण वर्षे आणि प्रत एकमेकांच्या विरुद्ध ओढू लागली तर? स्वरयंत्राच्या पुढे गेलेल्या कर्करोगात पूर्ण स्वरयंत्र काढले, तर जगण्याची शक्यता वाढते आणि नैसर्गिक आवाज कायमचा जातो. किरणोपचार घेतले, तर आवाज राहतो आणि धोका वाढतो, अशी त्या काळी स्थिती होती. १९८१ साली अमेरिकेत ३७ निरोगी माणसांना, त्यांत आगीचा बंब चालविणारे जवान होते आणि कंपन्यांतील अधिकारी होते, हा पेच घालण्यात आला. पाचांपैकी साधारण एकाने आवाजासाठी आयुष्याची शक्यता कमी करून घेण्याची तयारी दाखविली.

अशा निवडीला आकड्यात कसे बसवावे? वेग-काल आलेख आठवा. रेषेखालील क्षेत्रफळ म्हणजे कापलेले अंतर. येथे आडव्या अक्षावर वर्षे घ्या आणि उभ्या अक्षावर प्रत, ० ते १. दहा वर्षे ०.७ प्रतीने म्हणजे क्षेत्रफळ ७. आठ वर्षे ०.९५ ने म्हणजे ७.६. दुसरा मार्ग किंचित सरस ठरला. सरकारे आणि रुग्णालये उपचारांची तुलना करताना अशी क्षेत्रफळे काढतात. गटांच्या तुलनेला ती उपयोगी आहेत असे माझे मत आहे. समोर बसलेल्या एका माणसाचा निर्णय मात्र क्षेत्रफळाने घेऊ नये. कारण ०.७ हा आकडा कोणाचा, हा प्रश्न राहतोच.

निरोगी माणूस मुकेपणाला फार कमी गुण देतो. प्रत्यक्ष आवाज गेलेला माणूस वर्षभराने स्वतःच्या जगण्याला त्याहून पुष्कळ बरे गुण देताना आढळतो. तो खोटे बोलतो काय? नाही. लोखंडी पट्टी उन्हात प्रसरण पावते आणि मग तिने मोजलेली लांबी कमी भरते, हे तुम्हाला ठाऊक आहे. तसे आजारात माणसाच्या आतली मोजपट्टीच बदलते. ‘चांगला दिवस’ म्हणजे काय, याची त्याची व्याख्या निराळी होते. मोजणाऱ्यांच्या दृष्टीने ही त्रुटी, जगणाऱ्याच्या दृष्टीने कदाचित हीच सुधारणा! संशोधक यावर एक तोडगा करतात. सहा महिन्यांनी रुग्णाला आजचे गुण विचारतात, आणि शिवाय ‘आज मागे वळून पाहता शस्त्रक्रियेपूर्वीच्या स्थितीला किती गुण द्याल?’ असेही विचारतात. त्या वेळी दिलेले आणि आज मागे पाहून दिलेले गुण यांतील फरक म्हणजे पट्टीचे प्रसरण.

स्वरयंत्राचा पेच पुढे बराचसा सुटला. १९९१ साली अमेरिकेत ३३२ रुग्णांवरील परीक्षेचा निकाल आला. एका गटाला शस्त्रक्रिया व नंतर किरणोपचार, दुसऱ्याला आधी औषधे आणि मग किरणोपचार. दोन वर्षांनी दोन्ही गटांत हयात असणारे शेकडा ६८, आणि दुसऱ्या गटातील शेकडा ६४ जणांचे स्वरयंत्र शाबूत राहिले.

शिक्षकांना वर्गात एक प्रयोग घेता येईल. (एखाद्या मुलाच्या घरी असा आजार असेल, तर हा प्रयोग टाळावा.) प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या आणि विचारा: ‘आवाजाशिवाय पूर्ण दहा वर्षे, यांच्या बदल्यात आवाजासह किती वर्षे मिळाली तर तुम्हाला दोन्ही सारखेच वाटेल?’ नाव न लिहिता फक्त आकडा लिहावयाचा. त्या आकड्याला दहाने भागले, की आवाज नसलेल्या जगण्याची त्या विद्यार्थ्याच्या मते किती प्रत, ते मिळते. सर्व आकडे फळ्यावर मांडा, सरासरी काढा, आणि सर्वांत लहान व सर्वांत मोठा आकडा यांत किती अंतर पडते तेही पाहा. नंतर गाणे शिकणाऱ्या मुलांच्या चिठ्ठ्यांवर आधीच खूण करून ठेवली असेल, तर त्यांची सरासरी वेगळी काढून पाहता येईल.